जसे मन, तसा सूर?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही शाळा हे व्याख्यान योजते, त्यांच्या नावाला शोभेल असे काही बोलण्याची जबाबदारी आपण माझ्यावर टाकलीत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने काही भारदस्त विषय घ्यावा असा संकेत आहे. मी मात्र वरकरणी अगदी साधा वाटणारा प्रश्न घेऊन आलो आहे. आपल्या मनःस्थितीला साजेसे गाणे आपण कसे निवडतो, आणि कसे निवडावे?

प्रश्न साधा वाटतो याचे कारण, उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी आपली खात्री असते. आनंद झाला की उडत्या चालीचे गाणे, मन खिन्न असले की संथ लयीतले, प्रवासात एक, अभ्यासाच्या वेळी दुसरे. मोबाइलच्या पडद्यावर तर मनःस्थितीनुसार गाण्यांच्या याद्या तयारच असतात. बोट ठेवले की काम झाले. ही सोय वाईट आहे असे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. पण या सोयीच्या मुळाशी एक समजूत आहे. जसा रोग तसे औषध, त्याप्रमाणे जसे मन तसा सूर, आणि ही जोडी कोणीतरी एकदाच कायमची लावून ठेवलेली आहे, अशी ती समजूत. ती कितपत खरी आहे, हे आज आपण पाहू. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सिल्वासापासूनच आरंभ करता येतो.

2 ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन. 1954 च्या जुलै महिन्यात आधी दादरा, मग नरोली, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले, हे येथील मुलांना पाठ असते. या लढ्यात उतरलेल्या निरनिराळ्या पथकांपैकी आझाद गोमांतक दल व त्याच्याबरोबर आलेल्या महाराष्ट्रातील तरुणांत राजा वाकणकर होते, पुढे शिवशाहीर म्हणून प्रसिद्धीस आलेले बाबासाहेब पुरंदरे होते, आणि सुधीर फडके होते. ज्यांना सारा महाराष्ट्र बाबूजी म्हणतो, तेच ते संगीतकार. मोहिमेसाठी पैसा हवा होता, म्हणून पुण्यात हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवण्यात आला. म्हणजे या भूमीच्या मुक्ततेच्या खर्चाच्या वहीत पहिल्या काही पानांवर गाणे आहे, असे म्हटले तरी चालेल.

माझे लक्ष मात्र त्यानंतरच्या घटनेकडे आहे. सिल्वासा मुक्त झाल्यानंतर आठच महिन्यांनी, 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत बाबूजींचे. पुढे वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, 56 गीते झाली. जो माणूस कालपरवा शस्त्रे घेऊन सरहद्द ओलांडत होता, तो आता दर आठवड्याला एका नव्या मनःस्थितीला चाल शोधत बसला होता. कौसल्येची, दशरथाची, शूर्पणखेची, हनुमंताची, सीतेची. मनःस्थितीप्रमाणे संगीत निवडण्याची याहून कठीण परीक्षा मराठीत कोणी दिली असेल असे मला वाटत नाही. म्हणून आपला प्रश्न आपण त्यांच्या निवडीला विचारू.

त्याआधी शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात पाहू. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्वर आणि रस यांची सांगड घातलेली आहे. मध्यम आणि पंचम शृंगार व हास्याकडे, षड्ज आणि ऋषभ वीर, रौद्र व अद्भुताकडे, गांधार आणि निषाद करुणाकडे, धैवत बीभत्स व भयानकाकडे. कोष्टक मोठे नीटस आहे. परंतु भरतमुनी हे सांगत होते ते नाटकासाठी. पात्र रंगमंचावर येते त्या वेळचे गीत वेगळे, जाते त्या वेळचे वेगळे, प्रसंगाचा भाव बदलला की गीत बदलावे, असा त्या ध्रुवागीतांचा संसार होता. रंगमंचावरील राजाचे दुःख काय आहे हे प्रेक्षकांना आधीच माहीत असते. तुमच्याआमच्या मनात संध्याकाळी पाच वाजता काय चालले आहे, हे पुष्कळदा आपल्यालाच माहीत नसते. कोष्टकाचा उपयोग तेथे तोकडा पडतो.

पुढील काळात रागसंगीत वाढले आणि या कोष्टकाला चांगलेच हादरे बसले. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोहोंत तेच पाच स्वर, सा रे ग प ध, सगळे शुद्ध. भूप संध्याकाळ उलटल्यावर गायचा, त्याचा जीव गांधारात. देशकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात. भूप खालच्या स्वरांत रमतो, देशकार वरच्या अंगाला झेपावतो. एक दिवस मिटवणारा, दुसरा उघडणारा. याहून ठळक उदाहरण मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे. तिघांतही कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम वर्ज्य. परंतु मारवा सूर्यास्ताच्या वेळी माणसाला अस्वस्थ करतो, षड्जावर टेकू म्हणून देत नाही. उस्ताद अमीर खाँ यांची मारव्याची ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकली असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पूरिया त्याच स्वरांना मंद्रात नेऊन अंतर्मुख करतो. सोहनी त्यांनाच तारसप्तकात नेऊन उत्तररात्री लखलखीत करते. स्वर तेच, आणि मने तीन! मग भाव कोठे राहतो? स्वरांत नव्हे. कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणत्या स्वराला नुसते शिवून पुढे जायचे, या वागणुकीत तो राहतो. माणसांचेही असेच असते. घटना सर्वांच्या आयुष्यात साधारण त्याच घडतात, कोण कोठे रेंगाळतो यावरून स्वभाव ठरतो. असो, हे विषयांतर झाले.

आता गीतरामायणाकडे. त्यातील पहिले गीत भूपात आहे. प्रसंग असा की कुश आणि लव हे दोन बटू रामचंद्रांच्या दरबारात रामकथा गात आहेत. समोर बसलेला राजा आपला पिता आहे हे त्या मुलांच्या ध्यानी नाही. या प्रसंगात केवढे कारुण्य भरलेले आहे! एखादा सामान्य संगीतकार येथे कोमल स्वरांना आवाहन करून मोकळा झाला असता. बाबूजींनी तसे केले नाही. पाच शुद्ध स्वरांचा सरळ, निर्मळ राग घेतला. कारण गाणारी मुले आहेत, आणि मुलांना दुःखाची वार्ता नाही. दुःख ऐकणाऱ्याने आपल्या ठिकाणी ओळखायचे. रामजन्माच्या गीताला त्यांनी मिश्र मांड निवडला, राजस्थानी लोकगीतांतून आलेला, अंगणात फेर धरायला लावणारा. येथे मात्र आनंदाला आनंदच दिला.

परंतु ज्या निवडीपुढे मला हात जोडावेसे वाटतात ती भरतभेटीची. पिता गेला आहे, भाऊ वनात आहे, आईचा अपराध डोक्यावर आहे, अशा अवस्थेत भरत चित्रकूटावर रामापुढे उभा आहे. राम त्याची समजूत घालतो. गीताचा विषय मरण, वियोग आणि माणसाचे परावलंबन. येथे निवडला आहे यमन कल्याण! यमन म्हणजे दिवेलागणीचा, गाणे शिकणाऱ्या मुलांना बहुधा आरंभीच देतात तो राग. तो रडत नाही. बाबूजींनी भरताच्या मनाला साजेसा राग शोधलाच नाही. भरताला ज्याची गरज होती, तो शोधला. दुःखी माणसाजवळ बसलेल्या शहाण्या माणसाचा आवाज त्यांनी त्या गीताला दिला. महाराष्ट्रात किती घरांतून, मर्तिकाच्या दिवसांत, हे गीत लावले गेले असेल याची गणती नाही. ते लावले जाते ते आपल्या दुःखाशी जुळते म्हणून नव्हे. आपण पुढे जेथे पोचायचे आहे, तेथून ते बोलते म्हणून.

येथे एका परदेशी प्रयोगाची आठवण होते. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन या कॅनडातील दोन संशोधकांनी 1999 साली आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिंदुस्थानी रागसंगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यांनी रागांचे तुकडे ऐकवले आणि कोणता भाव आहे ते विचारले. आनंद, दुःख आणि क्रोध हे तीन भाव त्या परक्या श्रोत्यांनी बऱ्यापैकी अचूक ओळखले. जलद लय, सोपी स्वरावली म्हणजे आनंद, संथ लय, गुंतागुंतीची स्वरावली म्हणजे दुःख, असा त्यांचा आडाखा असे. चौथा भाव होता शांतीचा, तो मात्र त्यांना नीट ओळखता आला नाही. मला यात फार अर्थ दिसतो. आपल्याकडेही भरतमुनींनी मोजलेले रस आठच आहेत, शांत हा नववा रस मागाहून मान्य झाला. आनंद, शोक, संताप हे भाव जन्मासोबत येतात. शांती ऐकू येण्यासाठी कान तयार व्हावा लागतो. ज्या मुलाने लहानपणी यमन ऐकलाच नाही, त्याला पुढे आयुष्यात एखाद्या वाईट संध्याकाळी यमन निवडता येईल कसा?

मग दुःखात काय ऐकावे? थेट यमन लावावा काय? येथे थोडी सावधगिरी हवी. अमेरिकेतील मनोरुग्णालयात काम करणारे डॉक्टर आयरा आल्टशुलर यांनी 1940 च्या दशकात एक पद्धत मांडली. रोग्याची मनोवस्था जशी असेल, तिच्याशी समान संगीताने आरंभ करावा, आणि मग पायरीपायरीने संगीत बदलत त्याला इच्छित अवस्थेकडे न्यावे. चिडलेल्या माणसापुढे एकदम शांत संगीत वाजवले तर तो अधिकच चिडतो, हा अनुभव आपणा सर्वांच्या घरातला आहे. ही पायरीपायरीची कला आपल्या ख्यालगायकाला वेगळी शिकवावी लागत नाही. विलंबित लयीत, एकेका स्वराला कुरवाळत तो सुरुवात करतो, आणि तासाभराने द्रुतात पोचतो. आपण तीन मिनिटांच्या गाण्यांना सरावलो, म्हणून तो प्रवास आपल्याला लांबलचक वाटतो. वास्तविक मन बदलायला तेवढा वेळ लागतोच.

आतापर्यंत मी संगीतकार आणि शास्त्र यांच्याविषयीच बोललो. पण स्वतःच्या मनासाठी स्वतः गाणे निवडण्याची खरी परंपरा आपल्या आज्या-पणज्यांची आहे. पहाटे जात्यावर बसलेली बाई. घर झोपलेले, दाराबाहेर काळोख, हातात खुंटा. ती ओवी गाई. माहेराची, भावाची, विठ्ठलाची, कधी सासूच्या बोलण्याने झालेल्या जखमेची. आज कोणती ओवी घ्यायची हे तिला कोणी सांगत नसे, आणि एखादी ओवी सापडली नाही तर ती नवीन जुळवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगाव फिरून आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. लाखभर ओव्या म्हणजे मनाच्या किती छटा! पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, आणि ते योग्यच झाले. तिच्या पाठीच्या दुखण्यावर कविता करणाऱ्यांपैकी मी नाही. पण जात्याबरोबर दिवसातली ती एक वेळही गेली, जेव्हा ती आपल्या मनाला काय हवे हे विचारू शके.

आणि आपल्या या प्रदेशात तर निवडीची आणखी एक तऱ्हा आहे, जी शहरी माणसाला सहसा समजत नाही. वारल्यांचा तारपा आपण सर्वांनी पाहिला आहे. वाळवलेला दुधी भोपळा, खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वादक श्वास न तोडता वाजवतो आणि कमरेत हात गुंफलेला फेर त्याच्यामागे वळत जातो. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा नियम. भात पिकून घरात येण्याच्या दिवसांत त्याचा खरा काळ. कोणाला वाटले म्हणून ऐन पेरणीत तारपा निघत नाही. येथे 'माझे मन आज कसे आहे' हा प्रश्नच उद्भवत नाही. फेरात शिरताना कोणी रुसलेला असेल, कोणी कर्जाने पिचलेला असेल. तासाभराने पावले एक होतात आणि मन पावलांच्या मागून येते. लग्नात धवलेरी गाते तेव्हाही तसेच. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. डांग-धरमपूरकडील कुंकणा कथेकरी पितळी थाळीवर मेणाने काडी उभी करून, तिच्यावरून बोटे ओढत, तो घुमणारा नाद धरून रामकथा सांगतात. माडगूळकर-फडक्यांची रामकथा रेडिओवर घरोघर आली, आणि त्याच रामाची ही दुसरी कथा रानात थाळीच्या एका सुरावर चालली आहे. एकीत 56 गीतांची भावानुरूप निवड, दुसरीत रात्रभर एकच नाद, आणि भाव सारा कथेकऱ्याच्या आवाजात. दोन्हींत ऐकणारा रडतो. म्हणजे जोडी ठरलेली नाही, हे येथे पुन्हा दिसते.

निवड दुसऱ्याच्या हाती गेल्याचाही अनुभव या देशाने घेतलेला आहे. 1952 साली माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीताचे ते निस्सीम अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. हेतू उदात्त होता, परिणाम असा झाला की लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. अखेर 1957 साली विविध भारती सुरू करावी लागली. मन उन्नत करणारे संगीतच तुम्ही ऐका, असे वरून सांगून कोणाचे मन उन्नत होत नाही, हा धडा प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक बापाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आज वरून सांगणारा मंत्री नाही. आज सांगते ते यंत्र, आणि ते सक्ती करत नाही, आर्जव करते. काल तुम्ही उदास गाणी ऐकलीत ना, मग आजही घ्या, ही आणखी पन्नास. याच यंत्राचे उपकारही मी मानतो. आपल्या औद्योगिक वसाहतींत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार पाळी सुटल्यावर खोलीत बसून आपल्या गावाकडची गाणी ऐकतात. तो आधार लहान नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कॅसेटच्या काळात एका साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर दुकानदाराकडून आपल्या पसंतीची गाणी भरून घ्यायची असत. एका बाजूला तीस मिनिटे, फार तर सात-आठ गाणी. कोणते ठेवू, कोणते वगळू, यासाठी माणूस कागदावर चार वेळा खाडाखोड करी. त्या खाडाखोडीत तो स्वतःला ओळखत असे. यंत्राने दिलेली यादी अपुरी नसते, उलट ती कधी संपतच नाही. शिवाय ती कालच्या मनाला आज पुन्हा बोलावते. भरत रडतो आहे असे त्या यंत्राला कळले, तर ते त्याला रडण्याचीच गाणी देत राहील. यमन देणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक उद्योग सुचवतो. एका कागदावर तुमची केवळ दहा गाणी लिहा. प्रत्येकापुढे ते तुम्ही केव्हा ऐकता ते लिहा, आणि ऐकून झाल्यावर मन कोठे पोचते तेही लिहा. दहांपैकी किमान दोन तुमच्या घरातील सर्वांत वयस्क माणसाला विचारून घ्या, मग ते वारली असो, कोकणी असो, गुजराती की मराठी. एक असे घ्या की ज्यात तुम्ही स्वतः गाता किंवा नाचता, नुसते ऐकत नाही. आणि एक असे घ्या, जे पहिल्यांदा ऐकताना कंटाळवाणे वाटले. वर्षाने तो कागद पुन्हा काढा.

आता थोडा वेळ मी गप्प बसणार आहे. आपल्या संगीतशिक्षकांना मी विनंती केली आहे, ते पेटीवर आधी भूप वाजवतील आणि लगेच देशकार. स्वर तेच पाच आहेत. देशकाराची वेळ ही नव्हे, याबद्दल जाणकारांनी क्षमा करावी. त्यानंतर 1961 सालच्या 'भाभी की चूडियाँ' या चित्रपटातील, लताबाईंनी गायलेल्या पहाटेच्या गीताची चाल ते वाजवतील. चाल बाबूजींचीच, स्वर पुन्हा हेच. तिला कोणी भूप म्हणतात, कोणी देशकार. ती ऐकून झाली की तुम्हाला काय वाटले ते मुलांनी आधी सांगावे, मोठ्यांनी नंतर.